काही होत नाही!

"एकदा घेऊन बघ, काही होत नाही." या एका वाक्याने किती तरुण पोरं बुडवली असतील, देव जाणे. गंमत म्हणजे (गंमत तरी कसली!) हेरॉईनच्या बाबतीत हे वाक्य कुठल्या नाक्यावरच्या गुंडाने नव्हे, तर एका बड्या औषध कंपनीने आधी जगाला ऐकवलं.

जर्मनीच्या बायर कंपनीत १८९७ साली अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोन औषधं तयार झाली. एक ॲस्पिरिन, दुसरं हेरॉईन. १८९८पासून हेरॉईन खोकल्यावरचं औषध म्हणून विकलं जाऊ लागलं. मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही, असं सांगितलं जाई. प्रत्यक्षात ते मॉर्फिनपेक्षा जास्त जोरकस निघालं. १९१३मध्ये बायरने उत्पादन थांबवलं, १९२४मध्ये अमेरिकेने बंदी घातली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आपल्याकडे ते १९८०च्या दशकात 'गर्द' किंवा 'ब्राऊन शुगर' या नावाने आलं. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडचा माल भारतातून पुढे जायचा आणि वाटेत मुंबईत सांडायचा. सुई नको, काही नको, नुसता धूर ओढायचा. त्यामुळे कॉलेजातल्या पोरांना ते सिगारेटचंच भावंड वाटलं. पुन्हा तेच, 'काही होत नाही'!

१९८५ साली अंमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला. पण कायदा पुडी पकडतो, पोराला सोडवत नाही. ते काम पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी हाती घेतलं. अवचटांचं गर्दवरचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक मदत केली आणि १९८६ साली 'मुक्तांगण' उभं राहिलं. अवचटांचं 'गर्द' हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.

त्या पोरांच्या भाषेत 'टर्की' असा एक शब्द आहे. गर्द मिळालं नाही की अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते, ती टर्की. सुरुवातीला मजेसाठी घेतलेली पुडी पुढे फक्त टर्की टाळायला लागते. आणि काही महिने सोडून पुन्हा जुन्याच मापाने घेतली, तर शरीराची सवय गेलेली असते आणि श्वास थांबू शकतो. त्यात भर म्हणजे मेंदूचा सारासार विचार करणारा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणजे ब्रेक पक्के व्हायच्या आत गाडी उतारावर!

मंडळी, हा इतिहास आज उगाळायचं कारण म्हणजे आपल्या घरातली दोन पोरं यंदा होस्टेलवर चालली आहेत. पोरांनो, वर्गातला सगळ्यात हुशार मित्र म्हणाला तरी लक्षात ठेवा, हे वाक्य बायरच्या शास्त्रज्ञांनाही खोटं ठरलं होतं. आणि काका-मावश्यांनो, उद्या कुणी चाचरत काही कबूल केलंच, तर आधी जवळ बसवा. आरडाओरडा केलात, तर ते पोर पुन्हा तुमच्याकडे येणार नाही.