प्रतिरक्षा न्यूनता, आनुवंशिक : संशोधन व अर्थसाहाय्य (महाराष्ट्र)

जनुकीय दोषामुळे शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा जन्मापासून अपुरी किंवा विसंगत असणाऱ्या विकारांचा गट. इम्युनॉलॉजी संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०२२ च्या वर्गीकरणात असे ४८५ विकार नोंदले आहेत. पुन्हापुन्हा होणारा न्यूमोनिया, न भरणारी गळवे, जुना जुलाब, खुंटलेली वाढ व भावंडांचे तान्हेपणी झालेले मृत्यू ही संशयाची मुख्य कारणे. महाराष्ट्रात या विषयावरील संशोधन प्रामुख्याने परळ (मुंबई) येथे केंद्र शासनाच्या निधीतून झाले. निदानतंत्रे हे त्याचे मुख्य फलित होय.

इतिहास : अमेरिकन वैद्य ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नसलेल्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच वर्षी य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये बाँबे रक्तगटाचे वर्णन केले. रक्तगटांच्या अभ्यासासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. कार्यकक्षा वाढत जाऊन त्याचेच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी (पुढे ‘संस्था’) झाले. संस्था केईएम रुग्णालयाच्या आवारातील बहुमजली इमारतीत तेराव्या मजल्यावर आहे. रक्तगट व प्रतिरक्षा यांचा सांधा पुढे अनपेक्षितपणे जुळला : १९९२ मध्ये इस्राएलमध्ये वर्णिलेल्या ल्युकोसाइट ॲडहीजन डिफिशियन्सी प्रकार २ या प्रतिरक्षाविकारात श्वेतपेशींच्या दोषाबरोबरच बाँबे रक्तगट आढळतो. दोहोंच्या मुळाशी फ्यूकोज या शर्करेचा अभाव असतो.

निदानतंत्रे : संस्थेत मनीषा मडकईकर व सहकाऱ्यांनी फ्लो सायटोमेट्रीवर आधारित चाचण्या रुजवल्या. या यंत्रात पेशी एकेक करून लेसर किरणासमोरून जातात व त्यांवरील प्रथिने रंगद्रव्य जोडलेल्या प्रतिपिंडांमुळे ओळखता येतात. सीडी१८ हे प्रथिन श्वेतपेशींवर नसणे किंवा फार कमी असणे ही ल्युकोसाइट ॲडहीजन डिफिशियन्सी प्रकार १ ची खूण. अशा बालकाची नाळ उशिरा गळते. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजसाठी डायहायड्रोऱ्होडामिन चाचणी वापरतात : निरोगी न्यूट्रोफिल उद्दीपित केल्यावर ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार करतात आणि रंगद्रव्य चमकू लागते, रुग्णाच्या पेशी अंधुक राहतात. वाहक मातेच्या रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी दिसतात, त्यामुळे विकार एक्स गुणसूत्रावरून आल्याचेही कळते. सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सीत (एससीआयडी) टी पेशी जवळजवळ नसतात. भारतात जन्मतः बीसीजी लस देतात आणि ती जिवंत असल्याने या बालकांत तिचा जंतू शरीरभर पसरू शकतो. म्हणून लवकर निदानाला येथे विशेष महत्त्व आहे.

गर्भनिदान : कुटुंबातील जनुकीय दोष निश्चित असल्यास १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास कोरिऑनिक व्हिलायच्या नमुन्यावरून निदान होते. दोष निश्चित नसल्यास सुमारे १८ व्या आठवड्यात नाळेतून गर्भाचे रक्त घेऊन पेशींवरील प्रथिन पाहता येते. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यातील २० आठवड्यांच्या मर्यादेत निर्णयास जेमतेम अवधी उरे. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांसाठी ती २४ आठवडे झाली. गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या अनुमतीने त्यापुढेही परवानगी मिळू शकते.

अर्थसाहाय्य : संस्थेचा नियमित खर्च आयसीएमआरमार्फत, म्हणजे २००७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाच्या अंदाजपत्रकातून भागतो. या विषयाच्या प्रगत संशोधन केंद्रांसाठी परिषदेने चंडीगढची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था (पीजीआयएमईआर) व मुंबईची ही संस्था यांना साहाय्य दिले. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाने (२०२१) विकारांचे तीन गट केले. एससीआयडी, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज व विस्कॉट–ऑल्ड्रिच हे मूळपेशी रोपणाने बरे होऊ शकणारे विकार पहिल्या गटात येतात. आरंभी या गटासाठी २० लाख रुपयांपर्यंत मदत होती. २०२२ मध्ये सर्व गटांसाठी मर्यादा ५० लाख झाली. महाराष्ट्रातील केईएम रुग्णालय हे धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. धोरणाखाली मिळणारी रक्कम रुग्णाच्या उपचारासाठी असते, संशोधनासाठी नव्हे.

बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय (१९२९) हे परळमधील दुसरे महत्त्वाचे केंद्र. तेथील प्रतिरक्षाविकार सेवेशी मुकेश देसाई यांचे नाव जोडले आहे. रुग्णालयाच्या अनुदानाचा प्रश्न २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. त्याबाबत संबंधित पक्षांच्या भूमिका भिन्न होत्या.

खासगी निधी : अमेरिकेतील जेफ्री मॉडेल फाउंडेशन (१९८७) व सुधीर गुप्ता यांच्याशी संबंधित फाउंडेशन फॉर प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी डिसीजेस (एफपीआयडी) या संस्था उल्लेखनीय.

उपचार : मूळपेशी रोपण, इम्युनोग्लोब्युलिन (दर तीन-चार आठवड्यांनी, आजन्म), प्रतिजैविके.

बुलढाणा जिल्हा : परळमधील केंद्रांपासून दूरच्या जिल्ह्याचे हे उदाहरण. येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले, त्यापूर्वी जिल्ह्यातील रुग्णांसाठी जवळचे शासकीय महाविद्यालय अकोल्यात होते. फ्लो सायटोमेट्रीसाठी रक्त ताजे, साधारण एक-दोन दिवसांच्या आतले लागते. बुलढाणा शहर रेल्वेमार्गावर नाही, त्यामुळे नमुना किंवा रुग्ण रस्त्याने मलकापूरला व तेथून रेल्वेने मुंबईला न्यावा लागतो. एससीआयडीच्या नवजात चाळणीत वापरली जाणारी ‘ट्रेक’ चाचणी मात्र टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावर होते व तो टपालाने पाठवता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्वांना खुली होण्यापूर्वीही, कृषिसंकटग्रस्त १४ जिल्ह्यांपैकी एक म्हणून येथील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबे तिच्यात समाविष्ट होती.

जनुकोपचार : एससीआयडीच्या एडीए (ॲडिनोसिन डीअमिनेज) प्रकारावर पहिला प्रयोग १९९० मध्ये अमेरिकेत झाला. याच प्रकारासाठी युरोपात २०१६ मध्ये मान्य झालेल्या स्ट्रिमव्हेलिस या जनुकोपचारामागील मिलानमधील संशोधनाला टेलेथॉन या इटालियन संस्थेने दूरचित्रवाणीवरून जमवलेल्या लोकवर्गणीचा आधार होता. मुंबईत आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार१९ या उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यातही विषाणूवाहकाने रुग्णाच्याच पेशींत जनुक सोडतात, परंतु हा उपचार बी पेशींच्या कर्करोगांसाठी आहे.