दुधाचा महापूर आणि तेलाची ओहोटी



शहरातल्या कोणत्याही संसारात दोन जिनसा रोज लागतात. सकाळच्या चहाला दूध आणि दुपारच्या फोडणीला तेल. दोन्ही आपल्याच शेतकऱ्याच्या घरून येतात, अशी आपली समजूत असते. दुधापुरती ती खरी आहे, तेलापुरती नाही. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून जहाजांनी येते. वास्तविक या दोन्ही जिनसांसाठी देशाने मोठ्या राष्ट्रीय मोहिमा हाती घेतल्या होत्या. एकीला धवल क्रांती म्हणतात, दुसरीला पीत क्रांती. दोन्ही फळाला आल्या. परंतु पहिलीचे फळ टिकले आणि दुसरीचे दहा-बारा वर्षांत हातचे गेले. असे का व्हावे, हा आजचा प्रश्न आहे.

धवल क्रांतीची हकीकत दिल्लीच्या दफ्तरात सुरू होत नाही. ती सुरू होते खेडा जिल्ह्यात, जो तेव्हा मुंबई प्रांतातच होता. १९४५ साली मुंबई सरकारने शहराला चांगले दूध मिळावे म्हणून एक योजना आखली. आणंदच्या भागातून दूध गोळा करून पाठविण्याचा मक्ता पोल्सन या खासगी डेअरीच्या हाती गेला. मुंबईकर पैसे मोजीत होता, डेअरीला नफा होत होता. पण म्हशीची धार काढणाऱ्याच्या पदरात पडत होते ते दलाल देईल तेवढेच. दूध हा नाशवंत माल. धान्य चार महिने कणगीत ठेवता येते, दूध चार तासही ठेवता येत नाही. म्हणून दलालापुढे शेतकरी नेहमीच नमता.

शेतकरी सरदार वल्लभभाईंकडे गेले. त्यांनी मोरारजी देसाईंना पाठविले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली आणि शेतकऱ्यांनी ठरविले की, गावोगाव आपली संस्था काढू आणि सरकारने दूध तिच्याकडूनच घ्यावे. नाहीतर दूध देणारच नाही. पंधरा दिवस मुंबईला खेड्याचे दूध मिळाले नाही, तेव्हा सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे अध्वर्यू. १९४८ साली काम सुरू झाले तेव्हा गावे होती दोन आणि रोजचे दूध सुमारे अडीचशे लिटर.

१९४९ साली वर्गीस कुरियन आणंदला आले. त्यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखविली. हे होणे नाही, असे त्या काळचे परदेशी तज्ज्ञ म्हणत. या भुकटीचे महत्त्व केवळ शास्त्रीय नव्हते. हिवाळ्यात म्हैस भरपूर दूध देते, उन्हाळ्यात आटते. शहराची मागणी मात्र बारा महिने सारखी. भुकटी झाल्यामुळे हिवाळ्याचे जास्तीचे दूध उन्हाळ्यापर्यंत राखता येऊ लागले आणि भरल्या हंगामात भाव पाडण्याचे दलालाचे हत्यार बोथट झाले.

गावच्या संस्थेचा व्यवहारही ध्यानात घेण्यासारखा आहे. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचे, त्यातील स्निग्धांश तपासायचा आणि त्यावर दाम ठरवायचा. ज्याची एक म्हैस तो आणि ज्याच्या दहा म्हशी तो, दोघे एकाच रांगेत, दोघांना एकच दर. पैसा उधारीवर राहत नसे आणि डेअरीची मालकी त्याच रांगेतल्या माणसांची.

१९६४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदच्या भागात आले आणि एका खेड्यात मुक्कामाला राहिले. हेच देशभर का होऊ नये, या त्यांच्या आग्रहातून १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. १९७० साली ‘दूध महापूर’ योजना सुरू झाली. तिच्यातील खुबी अशी: युरोपच्या सामाईक बाजारात दूधभुकटी व लोणीतेलाचे ढीग साचले होते. ते दान म्हणून येथे फुकट वाटले असते, तर आपल्या गवळ्याचा धंदाच बुडाला असता. मंडळाने त्याचे दूध करून ते योग्य भावाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे विकले आणि आलेल्या पैशातून डेअऱ्या, शीतगृहे, टँकर उभे केले. १९९६ पर्यंत तीन टप्प्यांत सत्तर हजारांहून अधिक गावांत संस्था निघाल्या.

आकडे बोलके आहेत. १९५०–५१ साली देशाचे दूध १ कोटी ७० लाख टन होते, १९७०–७१ साली सुमारे २ कोटी २० लाख टन. लोकसंख्या त्याहून वेगाने वाढल्याने माणशी दूध उलट घटले होते. १९९८ साली भारत अमेरिकेला मागे टाकून जगात पहिला झाला. २०२३–२४ साली उत्पादन सुमारे २४ कोटी टन, माणशी दिवसाला ४७१ ग्रॅम. हे सारे सहकारी संस्थांनीच केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. संकरित गाई आल्या, चारा-पेंड सुधारली, आणि आजही बहुतेक दूध या संस्थांच्या बाहेरच राहते. पण खासगी खरेदीदारालाही भाव देताना शेजारच्या संस्थेकडे पाहावे लागते, हा तिचा मोठा उपकार आहे.

आता तेलाकडे वळू. भुईमूग, करडई, तीळ, जवस, मोहरी ही बहुतांशी कोरडवाहू पिके. पाऊस दगा देई, आणि दिला नाही तर व्यापारी भाव पाडी. १९८०–९० च्या दशकात आयातीचा बोजा असह्य झाला. मे १९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले. सुधारित बी, खते व सल्ला, गाळपाची चांगली यंत्रे आणि हमीचा भाव अशी ही चतुःसूत्री होती. दुग्धविकास मंडळाने १९८८ साली ‘धारा’ तेल बाजारात आणले. पुढच्या वर्षी भाव फार चढू वा पडू नयेत म्हणून साठा करण्याचे कामही सरकारने मंडळावर सोपविले.

फळ झपाट्याने आले. १९८५–८६ साली १ कोटी ८ लाख टन असलेल्या तेलबिया १९९६–९७ साली २ कोटी ४४ लाख टनांवर गेल्या. मधल्या काळात आयात गरजेच्या दोन-तीन टक्क्यांवर आली होती. माळव्यात आणि पुढे आपल्या विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पसरले ते याच सुमारास.

मग १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली. प्रथम कर होता शेकडा ६५; १९९८ पर्यंत तो १५ वर आला. मलेशिया-इंडोनेशियातील ताडजातीच्या या झाडापासून एकरी जेवढे तेल निघते तेवढे कोणतेही हंगामी पीक देऊ शकत नाही. सोयाबीनच्या दाण्यात तर शंभराला सुमारे अठराच भाग तेल. शेतकऱ्याने काय करावे? जेथे पाणी होते तेथे तो हमीच्या गव्हाकडे वळला. जेथे नव्हते तेथे करडईचे शेत आखडले. इकडे आपले खाणेही वाढले. आज माणशी वर्षाला सुमारे १९ किलो तेल लागते. सारा दोष आयातीला देता येणार नाही. परंतु वाढत्या मागणीचा लाभ आपल्या शेतकऱ्याला झाला नाही, तो परक्या मळेवाल्याला झाला.

येथे दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. परदेशी माल दोहोंतही आला. दुधात तो योग्य भावाने विकला गेला आणि त्याचा पैसा शेतकऱ्याची संस्था बांधण्यास लागला. तेलात तो स्वस्त विकला गेला आणि त्याने शेतकऱ्याचा भाव मोडला. २००० साली दूधभुकटीवरील आयातकर वाटाघाटी करून वाढवून घेण्यात आला, कारण त्यामागे संघटित उत्पादक उभा होता. करडई पेरणाऱ्यामागे तसे कोणी नव्हते. बी-बियाणे आणि यंत्रे दोन्हीकडे होती. उणीव होती ती रोजच्या रांगेची, रोख दामाची आणि मालकीची.

२०२४ साली तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचे नवे अभियान मंजूर झाले आहे. ते यशस्वी व्हावे, असेच आपण सारे इच्छू. पण त्यात शहरवासीयांचाही वाटा आहे. तेलाचा भाव चार रुपयांनी चढला की आपण ओरड करतो आणि सरकार कर उतरविते. त्या दिवशी आपले चार रुपये वाचतात हे खरे. पण लातूरच्या बाजारात सोयाबीनचे पोते घेऊन बसलेल्या माणसाचे किती जातात, तेही विचारण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे. मुंबईने १९४६ साली पंधरा दिवस दुधाची टंचाई सोसली आणि पुढच्या पिढ्यांना पोटभर दूध मिळाले.