आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत

आपले सभागृह बांधून झाले तेव्हा आम्ही कमिटीवाले फार खूश होतो. खाली ग्रॅनाईट, भिंतींना छतापर्यंत टाइल्स, मोठ्या काचेच्या खिडक्या. पुसायला सोपे, दिसायला झकास! उद्घाटनाला हॉल गच्च भरला होता, तेव्हा काहीच जाणवले नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेला जेमतेम वीस-पंचवीस सभासद आले आणि हॉल घुमायला लागला.

माझ्या मजल्यावरचे एक ज्येष्ठ सभासद त्यानंतर सभेला येईनासे झाले. मी तेव्हा सेक्रेटरी. मेंटेनन्स वाढवला म्हणून रागावले असतील, असे मी गृहीत धरले. एकदा जिन्यात विचारलेच. म्हणाले, "अहो, आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. येऊन करू काय?"

ते मनाला लागले. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला, तेव्हा कळले की हे दुखणे जुनेच आहे. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात हीच तक्रार होती. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर पुढचे कितीतरी शब्द त्यावर येऊन आदळत. वॉलेस सॅबाइन हा २७ वर्षांचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक कामाला लागला. शेजारच्या सँडर्स थिएटरच्या आसनांवरच्या गाद्या रात्री आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरेपर्यंतची वेळ मोजायची आणि सकाळच्या आत गाद्या परत जागेवर! गाद्या वाढवत नेल्या तसा घुमण्याचा काळ सुमारे एका सेकंदावर आला. अंगावरच्या कपड्यांनीही मोजमाप बदलते हे लक्षात आल्यावर या गृहस्थाने आधीच्या हजारो नोंदी रद्द केल्या आणि दर वेळी तेच कपडे घालून पुन्हा मोजायला सुरुवात केली. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला याचे मोल कळते.

त्याचा हिशेब सोपा आहे. खोली जितकी मोठी, तितका आवाज जास्त वेळ घुमणार. आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितका कमी. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच गणिताच्या आधाराने उभा राहिला.

आपणही मग जाड, चुण्यांचे पडदे लावले, सतरंज्या अंथरल्या, मागच्या भिंतीला फेल्टचे तक्ते ठोकले. शब्द कळू लागले. पण ते ज्येष्ठ सभासद तोवर हयात नव्हते. त्यांना आधीच विचारले असते तर, ही रुखरुख आजही आहे.

आता नूतनीकरणात 'धूळ धरतात' म्हणून पडदे काढायचे घाटते आहे. तरुण कमिटीला विनंती, पडदे धुवा, पण काढू नका. आणि सभासदहो, सॅबाइनच्या मोजणीत एक माणूस सुमारे सहा गाद्यांइतका आवाज शोषतो. तेव्हा सभेला या. हॉल भरला तर आम्हा म्हाताऱ्यांना ऐकू येईल!