आधी कोण आलं?

डोंबिवलीच्या स्फोटाबद्दल विचारलं की मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, सुरुवात करतात धानापासून. मुर्रीला, आमच्या गावी, छपरीत बसलेल्यांना त्यात नवल वाटत नाही, आमच्याकडे सगळ्याच गोष्टी धानाशी येऊन ठेपतात. पोटासाठी ते डोंबिवलीला गेले. तिथली एमआयडीसी 1964 सालची. "कंपनीच्या भिंतीला लागूनच बांध्या होत्या गा, आपल्यासारख्याच!" पुढं त्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, इमारती चढल्या आणि त्यातल्याच एकीत मोठेबाबांनी दोन खोल्या घेतल्या. कंपनी चालत जायच्या अंतरावर, याचं तेव्हा कौतुक होतं.

रात्री उग्र वास आला की खिडक्या लावायच्या, एवढाच काय तो बंदोबस्त. 2014 मध्ये तिथं हिरवा पाऊस पडला. बोभाटा झाला, मग विरला.

26 मे 2016, गुरुवार. दुपारचे बारा व्हायचे होते. मोठीआई, माझी काकू, तांदूळ निवडत होती. दणका बसला तेव्हा बिल्डिंगभर एकच ओरडा, भूकंप! माणसं अनवाणी जिन्यात धावली आणि जिन्यात काचांचा खच. फेज दोनमधली प्रोबेस कंपनी उडाली होती. बारा माणसं गेली, त्यांत मालकाच्या घरचीही होती, जखमी शंभरावर. पुढं चौकशीत प्रोपार्जिल क्लोराईड या स्फोटक रसायनाचं नाव निघालं. मोठीआईच्या गोष्टीत मात्र रसायन येत नाही, तांदूळ येतो. सुपातल्या तांदळात काच, उघड्या डब्यातही काच. पांढऱ्यात पांढरी, दिसणार कशी? मुर्रीहून आलेला तांदूळ तिनं सगळा फेकला. ते सांगताना तिचा आवाज अजून चढतो.

इकडे गावात टीव्हीवर धूर दिसत होता आणि फोन लागत नव्हता. लागला तेव्हा आजीनं एकच सांगितलं, "या परत." कोणी आलं नाही.

तिकडं मोर्चे निघाले, कंपन्या हटवा म्हणून. कारखानदारांचं उत्तर तयार होतं: आम्ही आधी, घरं नंतर. खरं आहे, मोठेबाबाच साक्षीदार आहेत. पण हा वाद मला पळवाटेचा वाटतो. कारखान्याच्या कागदावर सरकारी शिक्का, इमारतीच्या कागदावरही सरकारी शिक्का. मधली जागा मोकळी ठेवायचं काम रहिवाशाचं होतं की कामगाराचं? आणि मोठेबाबांसारखा माणूस तर दोन्ही होता. त्या वर्षी घरोघरी पंचनामे झाले. मोठेबाबांनी काचवाल्याची पावती जोडून अर्ज दिला, त्याचं पुढं काही झालं नाही.

2020 मध्ये तिथला रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्री पाहून गेले. 2022 मध्ये धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवायचं ठरलं. आणि 23 मे 2024 ला, पुन्हा मे, पुन्हा गुरुवार, पुन्हा फेज दोन, अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. दहाहून जास्त माणसं गेली. काहींची ओळख डीएनए तपासून पटवावी लागली. या खेपेला मोठीआईनं डब्याची झाकणं घट्ट लावलेली होती. खिडक्या मात्र गेल्याच.

सोसायटीचं निवेदन फिरलं, कारखाने ताबडतोब हलवा. मोठेबाबांनी सही केली. जुन्या सोबत्याचा मुलगा त्याच फेजमध्ये कामाला, तो घरी येऊन बसला, म्हणाला, "काका, कंपनी गेली तर आम्ही खायचं काय?" त्यालाही ते नाही म्हणाले नाहीत. चहा पिता पिता ओळखीच्या तिघांना फोन लावून त्याच्यासाठी काम विचारलं. सही मागे घेतली नाही.