किर्क्सव्हिलची डॉक्टरकी

अमेरिकेत आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर होण्याच्या दोन वाटा आहेत. एकीच्या शेवटी नावापुढे एम.डी. लागतं, दुसरीच्या शेवटी डी.ओ. तिथला एम.डी. म्हणजे आपल्याकडची एम.बी.बी.एस.नंतरची पदव्युत्तर पदवी नव्हे, ती तिथली मूळ वैद्यकीय पदवी. डी.ओ.चंही तसंच. दोघेही औषधं लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात, अतिदक्षता विभाग सांभाळतात. डोनाल्ड ट्रम्प यांचे पहिल्या कारकिर्दीतले व्हाइट हाउसमधले डॉक्टर शॉन कॉनली डी.ओ. होते, त्यांच्यामागून आलेले जो बायडेन यांचे डॉक्टर केव्हिन ओ’कॉनर हेही डी.ओ. यातली दुसरी वाट सुरू झाली ती मिसूरी राज्यातल्या किर्क्सव्हिल नावाच्या लहानशा गावातून, १८९२ साली, दोन खोल्यांच्या लाकडी शाळेतून. ‘अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी’ हे तिचं नाव. आज ती ए. टी. स्टिल विद्यापीठ आहे.

तिचे संस्थापक अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८चा, व्हर्जिनियातला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि डॉक्टरही. त्यांच्याच हाताखाली स्टिल वैद्यकी शिकले आणि यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं गेले. १८६४ साली मेनिंजायटिसनं त्यांच्या घरातली तीन मुलं दगावली. त्या काळच्या डॉक्टरांच्या हातात काय होतं? कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं रेचक. ते लाळ गळेपर्यंत, दात हलायला लागेपर्यंत द्यायचे. शिवाय अफू, व्हिस्की आणि रक्त काढणं. अशा औषधांवरून ज्याचं मन उडालं, त्याला वेडा म्हणायला मी तरी तयार नाही.

स्टिल यांचं म्हणणं असं, की शरीराची रचना आणि त्याचं काम या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. हाडं, स्नायू, सांधे जिथे अडले तिथे रक्ताचा आणि मज्जातंतूंचा मार्ग अडतो. अडथळा हातानं शोधा, हातानंच मोकळा करा, पुढचं शरीर बघून घेईल. आत्मचरित्रात त्यांनी लहानपणची एक हकिकत दिली आहे. डोकं असह्य दुखत होतं, तेव्हा त्यांनी नांगराची दोरी दोन झाडांमध्ये जमिनीलगत बांधली, तिच्यावर घोंगडी टाकली आणि मान टेकवून पडून राहिले. झोप लागली, उठल्यावर दुखणं गेलेलं होतं. २२ जून १८७४ हा दिवस ते आपल्या विद्येचा, म्हणजे ऑस्टिओपॅथीचा, जन्मदिवस मानत. ती मांडायला ते कॅन्ससमधल्या बेकर विद्यापीठात गेले. त्या संस्थेच्या उभारणीत त्यांच्या घराण्याचा हातभार होता, तरी दार बंदच राहिलं. १८७५ साली ते किर्क्सव्हिलला आले आणि तिथेच राहिले.

शाळेच्या पहिल्या तुकडीत वीसएक विद्यार्थी होते आणि त्यांत स्त्रियाही होत्या. एडिंबरोत शिकलेले विल्यम स्मिथ शरीररचनाशास्त्र शिकवत. सनदेप्रमाणे एम.डी. पदवी देता आली असती, पण स्टिल यांनी हट्टानं डी.ओ. हीच पदवी ठेवली. काही वर्षांतच आगगाड्या भरभरून रुग्ण येऊ लागले, गावात खाणावळी आणि हॉटेलं उभी राहिली. डी.ओ.ना व्यवसायाचा परवाना देणारं पहिलं राज्य मात्र मिसूरी नव्हे, व्हरमाँट, १८९६ साली. घरच्या राज्यात गव्हर्नरनं आधी नकाराधिकार वापरला आणि कायदा व्हायला १८९७ उजाडलं.

पण स्टिल जिथे चुकले तिथे चुकलेच. जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध होत असताना आणि लसींनी जीव वाचत असताना ते औषधांबरोबर लसीलाही विरोध करत राहिले. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांच्या प्रसिद्ध अहवालानं सगळ्या अमेरिकेतल्या वैद्यकीय शाळांची झडती घेतली. त्यात ऑस्टिओपॅथीच्या आठही शाळा नापास ठरल्या: प्रयोगशाळा अपुऱ्या, रुग्णालयं तोकडी, नजर फीवर. हा मार लागला आणि तो लागायलाच हवा होता. १९१७ मध्ये स्टिल गेले. १९२९ साली त्यांच्याच परंपरेतल्या संघटनेनं औषधशास्त्र शिकवायला मुभा दिली. माझ्या मते या साऱ्या वाटचालीतलं सर्वांत धाडसाचं पाऊल हेच. संस्थापकाचा शब्द मोडून संस्था वाचवणं सोपं नसतं.

शरीराची रचना नीट ओळखायचा हट्ट मात्र कधी सुटला नाही. १९२५ साली शाल्क आणि रॅम्सडेल या दोन विद्यार्थ्यांनी एका मृतदेहातली संपूर्ण मज्जासंस्था अखंड सोडवून काढली. मेंदूपासून सुरुवात करून एकेक तंतू खालपर्यंत मोकळा करत गेले. मोकळा झालेला भाग सुकू नये म्हणून औषधात भिजवलेल्या कापसात गुंडाळून ठेवत. पंधराशेहून अधिक तास लागले. किर्क्सव्हिलच्या संग्रहालयात ती आजही पाहायला मिळते. डोळ्यांसकट मेंदू, खाली मेरुरज्जू आणि त्यातून फुटलेलं तंतूंचं जाळं.

इतकं होऊनही एम.डी. मंडळींच्या लेखी हे सगळे भोंदूच होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं डी.ओ.शी सल्लामसलत करणंदेखील नीतिबाह्य ठरवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं त्यांना डॉक्टर म्हणून घेतलं नाही. एम.डी. आघाडीवर गेले, डी.ओ. गावातच राहिले आणि रुग्ण त्यांच्याकडे यायला लागले ते पुढेही येतच राहिले. लष्कराचं दार उघडायला १९६६ उजाडलं.

सर्वांत विलक्षण प्रकार कॅलिफोर्नियात घडला. १९६१ साली तिथल्या दोन्ही संघटनांनी तह केला. ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयाचं रूपांतर एम.डी. महाविद्यालयात झालं आणि सुमारे दोन हजार डी.ओ.ना पासष्ट डॉलर भरून एम.डी. करून घेण्यात आलं. काल ज्यांना भोंदू म्हटलं, ते एका पावतीवर शुद्ध झाले. त्यांच्या ज्ञानात एका रात्रीत काही बदललं नव्हतं. त्यांना नाकारण्याचं कारण ज्ञान नव्हतंच, एवढं यातून उघड झालं. पाठोपाठ नव्या डी.ओ.ना परवाने मिळणं थांबलं आणि १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा सुरू करायला लावलं.

बाकीची वाट बरीच सपाट होती. १९६९ पासून अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं सभासदत्व, हळूहळू पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना, २०२० पासून रेसिडेन्सीची एकच सामाईक व्यवस्था. पुण्या-मुंबईहून एम.बी.बी.एस. करून तिकडे रेसिडेन्सीला जाणारी आपली मुलं आता एम.डी. आणि डी.ओ. अशा दोन्ही सहकाऱ्यांच्या शेजारी उभी राहून वॉर्डात फिरतात. एक खूणगाठ मात्र बांधायला हवी. ब्रिटनसारख्या देशांतला ‘ऑस्टिओपॅथ’ हा डॉक्टर नसतो, तो फक्त हातांचे उपचार करतो. त्याची आणि अमेरिकन डी.ओ.ची गल्लत करू नये.

मग फरक उरला कुठे? डी.ओ.च्या अभ्यासक्रमात साधारण दोनशे तास हातांच्या उपचारांचे जास्तीचे असतात. रुग्णाच्या कण्यालगत बोटं फिरवून कुठे ताण आहे, डावी-उजवी बाजू सारखी हलते का, हे पाहायला शिकवतात. एका पद्धतीत रुग्णानं डॉक्टरच्या तळहाताविरुद्ध हलकेच जोर लावायचा, काही सेकंदांनी सैल सोडायचं, आणि त्या सैल क्षणी डॉक्टर सांधा थोडा पुढे नेतो. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात कंबरदुखीच्या दोन्ही गटांना सारखाच आराम पडला, पण हातांचे उपचार घेतलेल्यांना औषधं कमी लागली. ही छोटी गोष्ट नाही. उलट कवटीची हाडं हलवून रोग बरे करण्याचा किर्क्सव्हिलच्याच एका पदवीधरानं काढलेला पंथ पुराव्यावर टिकलेला नाही. तो अभ्यासक्रमातून काढायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

रुग्णाला पडणारा प्रश्न साधा असतो: याच्या हातून मी बरा होईन ना? २०२३ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’नं त्याचं उत्तर छापलं. रुग्णालयात दाखल झालेल्या तीन लाखांहून अधिक वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तीस दिवसांतला मृत्यूदर एम.डी.कडे ९.४ टक्के, डी.ओ.कडे ९.५. रुग्णालयातला मुक्काम दोन्हीकडे साडेचार दिवस. खर्चही जवळपास तेवढाच.

तरी डी.ओ. विद्यार्थ्याला आपल्या पदवीची वेगळी परवाना-परीक्षा द्यावी लागते, आणि चांगल्या शाखेत रेसिडेन्सी हवी असेल तर बरेच जण एम.डी.ची परीक्षाही देतात. दोन वेळा फी, दोन वेळा तीच शरीरविकृती आणि तेच औषधशास्त्र. निकाल सारखे आहेत, प्रशिक्षण एक झालं आहे, तर परीक्षाही एक करावी आणि हातांच्या उपचारांची तेवढी वेगळी घ्यावी.