गाडगेबाबांचा खराटा आणि आपला मोहल्ला

दरवर्षी २० डिसेंबर जवळ आला की आम्ही सातवीच्या मुलांना गाडगेबाबांच्या चार गोष्टी उर्दूत सांगतो. काही वर्षांपूर्वी नुसत्या गोष्टींवर न थांबता मुलांना घेऊन शाळेमागची गल्ली झाडली. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील वर्गाच्या दारात उभे. "सर, बच्चों को पढ़ने भेजते हैं, झाड़ू लगाने नहीं." आम्ही गप्प राहिलो. त्यांच्या बोलण्यात तोरा नव्हता, भीती होती. झाडू मुलाच्या नशिबी येऊ नये म्हणूनच तर ते दिवसभर हातगाडी लोटतात.

मग आम्ही बाबांचे चरित्र पुन्हा उघडले.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. जात परीट, म्हणजे आपण ज्याला धोबी म्हणतो ती. दारूने वडील गेले आणि आईने पोराला अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी आणले. गुरे राखणे, नांगर धरणे यात बालपण गेले. शाळा कधी पाहिली नाही.

त्यांची पहिली समाजसेवा रस्त्यावर नाही, घरात झाली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटणाचे जेवण घालायचा रिवाज होता. डेबूजींनी तो मोडून गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले. त्या दिवशी घरातल्या बायांना काय काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना आपल्या मोहल्ल्यात लग्नाचा खर्च कमी करू पाहणाऱ्या कोणत्याही आईला येईल!

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला पौष महिन्यातल्या रविवारी यात्रा भरते. काठावर चिखल, म्हातारी माणसे घसरत. बाबा तिथे फावडे घेऊन वाट नीट करत. पुढे लोकांच्या मदतीने घाट बांधला गेला. गावात आले की आधी खराटा चाले, रात्री कीर्तन. सकाळी एकटा माणूस गाव झाडतो आहे हे पाहून लोकांना लाज वाटे आणि तेही हात लावीत. हा माणूस कुणाला हुकूम करत नव्हता. आम्ही शाळेत नेमके तेच केले होते, हे तेव्हा ध्यानात आले.

आणखी एक गोष्ट. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पण स्वतःच्या घरच्यांना या मिळकतींपासून त्यांनी कटाक्षाने दूर ठेवले. पत्नी कुंताबाई साधेपणातच राहिल्या. वक्फच्या जमिनींवरून घराघरांत चाललेले खटले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यावर वेगळे भाष्य नको. आपल्याकडे देणारे हात पूर्वीही कमी नव्हते, आजही नाहीत. जकात, फितरा, सदका वेळेवर निघतो. पण पाकीट देऊन मोकळे होणे आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून अंग मोडणे, यात फरक आहे. सदका-ए-जारिया म्हणून विहीर खोदणारेही कुणाचे तरी अब्बा, दादा असत आणि माती वाहणाऱ्यांत बायाही असत.

बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या पुलाजवळ गेले. २००० साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. ज्याने शाळा पाहिली नाही त्याच्या नावाच्या पदव्या आता आपली मुले घेतात. श्रमाची ती सवयही वऱ्हाडातून गेली नाही. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातले तीनच तालुके होते आणि त्यात आपला वरुड होता. संत्र्याच्या बागांनी जमिनीतले पाणी उपसून उपसून खाली गेलेले. त्या उन्हाळ्यात तिथे नवरा कुदळ मारी, बायको घमेले उचली, पोरे दगड वेचत.

अकोल्याचे मात्र आम्ही कधी विसरणार नाही. २०२० च्या मे महिन्यात करोनाने मेलेल्यांजवळ सख्खी मुलेही जायला तयार नव्हती. तेव्हा अकोल्याच्या कच्छी मेमन जमातीचे कार्यकर्ते पुढे आले. मुसलमानांना दफन केलेच, ज्या हिंदू मृतांचे वारस आले नाहीत त्यांच्या चितेलाही अग्नी दिला. रमजान चालू होता. हे काम करून येणाऱ्याला घरात घ्यायचे म्हणजे घरातल्यांनाही धैर्य लागते. वर्तमानपत्रांत कार्यकर्त्यांची नावे आली. दारात गरम पाण्याची बादली ठेवणाऱ्या अम्मीचे नाव कुठे येते?

पुढच्या वर्षी आम्ही मुलांच्या डायरीत लिहून पाठवले: ज्यांना वाटेल त्यांनी वालिदैनसह यावे, सर आधी झाडतील. सात घरची माणसे आली. एका मुलीची दादी भिंतीला टेकून बसली आणि कुठे केर राहिला ते बोटाने दाखवत राहिली. ते हातगाडीवाले गृहस्थ उशिरा आले, झाडूला हात लावला नाही, बाजूला उभे राहिले. घंटागाडी आली नव्हती, कचऱ्याचे ढीग तसेच पडलेले. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "सर, ये कहाँ डालना है?" आणि गाडी आणायला घरी गेले.