छावणी : घोड्याचे घरचे चार महिने

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मांडवी हे नाव मुळात विशेषनाम नव्हे. मांडवी म्हणजे बंदरावरील जकातीचे ठाणे. मध्ययुगाच्या प्रारंभीच्या शिलालेखांत आढळणारी ‘मण्डपिका’ ती हीच, आणि हिंदीतील ‘मंडी’ हा त्याच कुळातील शब्द होय. माल उतरावा, मोजला जावा, त्यावर जकात बसावी, अशी ही जागा. पण ज्येष्ठाच्या उत्तरार्धापासून नारळी पौर्णिमेपर्यंत या ठाण्यास काम नसे. समुद्र बंद होई, गलबते शाकारली जात. वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस घेणारा हा किनारा त्या काळात घाटापलीकडच्या देशापासून जवळजवळ तुटून पडे.

अशा प्रदेशात घोड्याच्या संगोपनाचा विचार करणे वरकरणी विसंगत वाटेल. कोकणचे वाहन होडी आणि बैल. जांभ्या दगडाची चढउतार व चार महिन्यांचा चिखल घोड्यास मानवत नाही. तथापि दक्षिणेत घोडा आला तो बव्हंशी याच किनाऱ्याने. मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याच्या राजाने चाच्यांशी केलेल्या कराराची हकीकत आहे : लुटीतील इतर माल चाच्यांचा, घोडे मात्र राजाचे. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा दाभोळच्या बंदरात एडन व होर्मुझ येथून येणाऱ्या घोड्यांचा उल्लेख करतो. पुढे पोर्तुगीजांनी हा व्यापार बळाने गोव्याकडे वळविला. देशावर भीमथडीची तट्टे होती, ती काटक व अल्पाहारी. परंतु दरबारी मान असे तो समुद्रापलीकडून आलेल्या जनावरास.

असाच एक घोडा घेऊन रशियन व्यापारी अफानासी निकितिन इ. स. १४७० च्या सुमारास चौलास उतरला आणि घाट चढून जुन्नरास गेला. घोड्यावर त्याचे शंभर रूबल खर्ची पडले होते. जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावून घेतला व निकितिनने धर्मांतर करावे अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला. वर्षभर पोसून निकितिनने तो पुढे बेदरास विकला. या हकीकतीत भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असा एक शब्द आहे. जुन्नरास चार महिने अहोरात्र पाणी आणि चिखल होता, असे तो सांगतो. आणि त्या ऋतूला तो म्हणतो ‘झिमा’, म्हणजे हिवाळा. पेन्टेकॉस्टच्या सुमारास, अर्थात मे-जूनमध्ये, या देशात हिवाळा सुरू झाला असे त्याचे विधान आहे.

हा निकितिनचा एकट्याचा प्रमाद नव्हे. गोव्यातील पोर्तुगीजही पावसाळ्यास ‘इन्व्हेर्नु’ म्हणत. सोळाव्या शतकाच्या नवव्या दशकात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्कोटेन तेच करतो, आणि सतराव्या शतकातील इंग्रजही. शब्दकोशाच्या दृष्टीने हे चूक आहे. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र त्यांनी नेमके ओळखले होते. थंड देशांत हिवाळा म्हणजे वाटा बंद होण्याचा, जनावर छपराखाली घेण्याचा, साठविलेल्या वैरणीवर दिवस काढण्याचा काळ. महाराष्ट्रात हे सर्व पावसाळ्यात घडते. येथील खरा हिवाळा हा उलट घोड्याच्या चालीचा ऋतू. निझामाला कोंडीत धरणारी पालखेडची मोहीम १७२८ च्या फेब्रुवारीत तडीस गेली. तापीकाठच्या सारंगखेड्याचा घोडेबाजार आजही मार्गशीर्षातील दत्तजयंतीस भरतो. कार्तिक-मार्गशीर्षात झुलीपलीकडे घोड्यास विशेष काही लागत नाही. आषाढ-श्रावणात सर्वच लागते.

मराठीने या घरच्या मुक्कामास आपले नाव दिले, ते ‘छावणी’. संस्कृत ‘छाद्’ धातूच्या प्राकृत परंपरेतील हा शब्द असून त्याचा मूळ अर्थ आच्छादन, शाकारणी असा. मोकळ्या मैदानावर तंबू ठोकून राहणे ही छावणी नव्हे. तो तळ किंवा मुक्काम. गवताने शाकारलेल्या खणांत पावसाचे दिवस काढणे ही छावणी. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या सभासद बखरीत शिवकालीन लष्कराचे वर्षच असे दोन भागांत विभागलेले दिसते. पावसाळ्यात लष्कर स्वदेशी छावणीस यावे, तेथे दाणा, रातीब, औषधे व गवताने शाकारलेली घरे आधीच सिद्ध असावीत. दसरा होताच छावणीतून कूच करावे आणि आठ महिने परमुलखात पोट भरावे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, ही व्यवस्थाही तेथेच सांगितलेली आहे. पाणी आणि खूर या दोन गोष्टींना स्वतंत्र माणूस नेमणाऱ्याला घोड्याचे दुखणे कोठे सुरू होते हे ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

या व्यवस्थेच्या शब्दसंग्रहाकडे पाहिले असता एक विभागणी नजरेत भरते. पागा, शिलेदार, बारगीर, नालबंद, सईस, जीन, लगाम, रिकीब, खोगीर, तोबरा हे सारे शब्द फारसी-अरबी. ते स्वारीबरोबर आले. ‘तबेला’ हा तर मूळ अरबीत जनावर बांधण्याचा लांब दोर. मराठीत ती इमारत झाली. फारसीत ‘बारगीर’ म्हणजे ओझे वाहणारे जनावर; हिंदुस्थानात सरकारी घोड्यावर बसणारा स्वार, म्हणजे घोड्याचे नाव स्वारास मिळाले. याउलट गवत, वैरण, दावण, ठाण, आगाडी-पिछाडी, खरारा हे शब्द घरचे. घोडा चालू लागला की परभाषा, ठाणावर उभा राहिला की मायबोली. ही विभागणी काटेकोर नाही (‘मेख’ फारसी आहे आणि ‘झूल’ अरबीतून आलेली), परंतु तिचा रोख स्पष्ट आहे.

ठाणावर उभा असलेला घोडा निश्चिंत असतो असेही नाही. ओल्या जमिनीवर खूर मऊ पडतात व सडतात. म्हणून ठाण उंचवट्यावर, मुरूम टाकून कोरडे राखावे लागते. कोवळे ओले गवत एकदम पडले तर पोटशूळ उठतो. म्हणून मागील हंगामाचे वाळके गवत पुरवून पुरवून घालावयाचे. दंश करणाऱ्या माश्यांतून ‘सर्रा’ फैलावतो. त्याचे रोगजंतू १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स याने डेरा इस्माइल खान येथे शोधून काढले. तत्पूर्वी घोडेवाल्यांना रोग ठाऊक होता, कारण नव्हे. आणि उघडीप मिळताच घोडा फिरविलाच पाहिजे. घोडा का अडला, भाकरी का करपली, पाने का सडली, या तिन्ही प्रश्नांना ‘न फिरविल्यामुळे’ हे एकच उत्तर देणारा उखाणा मराठी घरांत अजून मुलांना घालतात. घोडा घरात नाही. त्याची निगा उखाण्यात राहिली.

परंतु छावणीचा खरा प्रश्न गवताचा नव्हता, ते कोणाच्या गंजीतून यावे हा होता. या बाबतीत शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस गेलेले, राज्याभिषेकापूर्वीचे पत्र सुप्रसिद्ध आहे. चिपळूण वासिष्ठीच्या काठी, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातीलच ठिकाण. दाभोळ सुभ्यात पागेच्या पावसाळ्यासाठी जमविलेला साठा लष्कराच्या मुक्कामात संपला होता आणि मोठ्या प्रयासाने पुन्हा दाणावैरण मिळविण्यात आली होती. पत्रातील युक्तिवाद साखळीसारखा चालतो. आज आहे म्हणून मनमानेल तसे चाराल, तर ऐन पावसात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुम्ही गावांत शिराल. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजी. जीव धरून राहिलेले कुणबी उठून जातील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच त्यांना अधिक वाईट वाटाल. पैसे दिलेले आहेत. जे हवे ते बाजारातून विकत आणावे. यानंतर पत्र एकदम बारीकसारीक गोष्टींत उतरते : गवताच्या गंज्यांजवळ चुली, चिलमीसाठी नेलेले निखारे, रात्री जळता ठेवलेला दिवा आणि त्याची पेटती वात ओढून नेणारा उंदीर. या पत्रातील प्रजाहिताचा उल्लेख आजवर पुष्कळ झाला आहे आणि तो योग्यच आहे. मात्र त्याचा कणा पशुसंगोपनाचा हिशेब आहे, हे सहसा सांगितले जात नाही. चार महिन्यांचे गवत चार महिने पुरले नाही तर घोडा आणि कुणबी एकाच वेळी जातात, हा तो हिशेब.

तो सदैव पाळला गेला, असे पुढील इतिहास सांगत नाही. अठराव्या शतकात ‘घासदाणा’ हे एका कराचेच नाव झालेले दिसते. नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडावरील घासदाण्याचा हक्क हे त्याचे परिचित उदाहरण. जे बाजारातून विकत आणावयाचे, तेच दुसऱ्याच्या मुलखावर वसुलीची बाब बनले. ऋतूंची शिस्तही सुटत गेली. १७६० च्या मार्चमध्ये उत्तरेकडे निघालेली भाऊसाहेबांची फौज त्या पावसाळ्यात स्वदेशी परतलीच नाही. तिचे ते महिने चंबळेपलीकडे व दिल्लीच्या परिसरात गेले. नंतर आला तो खराखुरा, उत्तरेचा हिवाळा. पानिपतावर वेढ्यात चारा तुटला, घोडी ठाणावर मरू लागली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी अनेक स्वारांना पायी किंवा अर्धपोटी घोड्यांवर रणात उतरावे लागले. पराभवाची इतर कारणे आहेतच. घोड्याचा विचार करता, छावणीविना गेलेले ते वर्ष होते.

शिलेदाराची गोष्ट याहून घरगुती. बारगिराचा घोडा सरकारचा, तो मेला तर पागेतून दुसरा मिळे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तो मेला तर उपजीविकाच संपे. त्यामुळे पावसाळ्यात आधी घोड्याची चंदी, मग स्वतःची भाकर, असा क्रम लागणे अपरिहार्य होते. दसऱ्यास घोडा धुऊन, झेंडूच्या माळा घालून पूजिला जाई, त्यामागे चार महिने तो जगविल्याचे समाधानही असलेच पाहिजे. त्या माळा आता मोटारसायकलीला पडतात.

इंग्रजी अमदानीत छावणी बारमाही झाली. पुणे छावणी म्हटले की पाऊस कोणाला आठवत नाही. शब्दाचा अर्थ घोड्यापासून शिपायाकडे, आणि शिपायापासून वस्तीकडे सरकला. परंतु २०१२-१३ च्या व पुन्हा २०१९ च्या दुष्काळात मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत जनावरांसाठी चारा आणि पाणी एका जागी पुरविण्याची सोय करावी लागली, तेव्हा तिला लोकांनी आणि सरकारी कागदांनी एकच नाव दिले : चारा छावणी. या वेळी दावणीला गाई-बैल होते, ऋतू उन्हाळ्याचा होता, आणि वाट पाहणे चालले होते ते पावसाचे.